कुलाब्याच्या दांडीवर

गोंदिया जिल्ह्यातल्या तिरोड्याच्या आधुनिक भातगिरणीत धान रबरी रुळांमध्ये शिरण्याआधी एका लोहचुंबकावरून सरकतं. खळ्यावरून पोत्यात आलेला खिळा, विळ्याचं तुटलेलं टोक, मळणीयंत्राचा एखादा नट तिथंच चिकटून राहतो आणि रूळ वाचतात. तिरोड्याच्या औष्णिक वीज केंद्रात ६६० मेगावॉटचे पाच संच आहेत. प्रत्येकाच्या जनित्रात एक भलामोठा विद्युतचुंबक मिनिटाला ३,००० फेरे घेतो, आणि त्या फेऱ्यांतून निघालेली वीज ७६५ किलोव्होल्टच्या वाहिनीवरून कोराडी, अकोला करत औरंगाबादच्या उपकेंद्रापर्यंत जाते. म्हणजे चुंबकाशिवाय तिरोड्यात ना तांदूळ सडला जात, ना दिवा लागत.

चुंबकक्षेत्र टेस्ला या एककात मोजतात. वीज केंद्रातल्या जनित्राचं क्षेत्र एक-दोन टेस्लाच्या घरात असतं. होकायंत्राची सुई उत्तरेकडे वळवणारं पृथ्वीचं क्षेत्र तिरोड्यात एका टेस्लाच्या वीस-बावीस हजाराव्या भागाएवढंच भरेल. आता दुसरं टोक पाहू. सोन्याची दोन अणुकेंद्रकं जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने समोरासमोर आली आणि नेमकी मधोमध न आदळता एकमेकांना घासून गेली, तर त्यांच्यामध्ये जे चुंबकक्षेत्र उभं राहतं ते एकावर चौदा शून्यं इतक्या टेस्लाचं असतं. ‘मॅग्नेटार’ नावाचे तारे हे आकाशातले सर्वांत जबर चुंबक मानले जातात, तेही यापुढे हजारो पटींनी फिके पडतात. फरक इतकाच की हे क्षेत्र टिकतं किती? एकावर तेवीस शून्यं दिली की जो आकडा होईल, सेकंदाचे तितके तुकडे करावेत; त्यातल्या एखाद्या तुकड्यात सगळा खेळ आटोपतो.

या दोन टोकांना जोडणारा इतिहास महाराष्ट्रात एका चिंचोळ्या जमिनीवर घडला. मुंबईची दक्षिणेकडची जमीन जिथं समुद्रात संपते, ती कुलाब्याची दांडी. रोजच्या बातम्यांतून तिचं नाव उभ्या महाराष्ट्राला माहीत आहे, कारण मुंबईत किती पाऊस पडला हे सांगताना ‘कुलाबा’ आणि ‘सांताक्रूझ’ ही दोन नावं येतातच. पण पावसाचं मोजमाप हा तिथल्या वेधशाळेचा एक उद्योग झाला. जगभरच्या शास्त्रज्ञांच्या लेखी तिची ओळख वेगळीच आहे.

ईस्ट इंडिया कंपनीने ही वेधशाळा १८२६ मध्ये बांधली ती तारे पाहण्यासाठी आणि बंदरातल्या जहाजांना अचूक वेळ कळावी म्हणून. पुढची पंधरा वर्षं तिच्या हातून सांगण्यासारखं काही झालं नाही. तेवढ्यात युरोपात एक नवं वेड पसरलं. गणितज्ञ गाउस आणि त्याचा सहकारी वेबर यांनी जर्मनीतल्या गॉटिंगेन इथं पृथ्वीचं चुंबकत्व मोजण्याची पद्धत बसवली: रेशमाच्या धाग्यांनी टांगलेला चुंबक, त्याच्यावर आरसा, आणि दूरच्या दुर्बिणीतून त्या आरशात दिसणारी आकड्यांची पट्टी. चुंबक केसभर हलला तरी पट्टीवरचा आकडा सरकतो. ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या घटकेला सगळ्या देशांत एकाच वेळी असे आकडे टिपायचे, म्हणजे पृथ्वीच्या चुंबकत्वात होणारे बदल जगभर एकदम होतात की जागोजागी वेगळे, हे कळेल. ब्रिटिशांनी आपल्या वसाहतींत अशा वेधशाळांचं जाळं विणायला घेतलं आणि १८४१ मध्ये कुलाबा त्या जाळ्यात आलं.

सुरुवात करून दिली एल्फिन्स्टन संस्थेतल्या प्राध्यापक ऑर्लेबार यांनी. पण मराठी वाचकाने थांबावं ते त्यांच्या भोवतालच्या माणसांपाशी. ‘दर्पण’कार बाळशास्त्री जांभेकर यांनी काही काळ या वेधशाळेची जबाबदारी सांभाळली. आणि अलिबागजवळच्या नागावचा, मिसरूडही न फुटलेला एक मुलगा इथं मदतनीस म्हणून लागला. तो केरो लक्ष्मण छत्रे, म्हणजे पुढे पुण्यात गणिताचे प्राध्यापक म्हणून गाजलेले केरूनाना, लोकमान्य टिळकांचे गुरू. ‘ग्रहसाधनाची कोष्टके’ लिहिणाऱ्या या माणसाची आकड्यांशी पहिली झटापट दुर्बिणीतून दिसणाऱ्या त्या सरकत्या पट्टीशी झाली असणार. मराठीत आधुनिक विज्ञान कुठून आलं, असं विचारलं की आपण शाळा, ग्रंथ, भाषांतरं यांची यादी देतो. रात्रपाळीत डोळे ताणून लिहिलेल्या या नोंदवह्या त्या यादीत सहसा नसतात, आणि ते बरोबर नाही.

काम कंटाळवाणं होतं. तासातासाला नोंद, उन्हाळा-पावसाळा, रविवार-सोमवार सगळं सारखंच. चुंबक अस्वस्थ दिसू लागला की तासाची नोंद पंधरा मिनिटांवर आणायची, आणि फारच धिंगाणा सुरू झाला तर पाच मिनिटांवर. हा नियम होता म्हणूनच कुलाबा इतिहासात राहिलं.

१ सप्टेंबर १८५९ ला इंग्लंडमध्ये रिचर्ड कॅरिंग्टन सूर्यावरचे डाग रेखाटत होता. अचानक त्याला डागांच्या गर्दीत डोळे दिपवणारा प्रकाश दिसला. दुसऱ्या दिवशी पृथ्वीवर चुंबकीय वादळ कोसळलं. एरवी ध्रुवांजवळच दिसणारे रंगीत प्रकाश कॅरिबियन बेटांवरून दिसले, तारायंत्रांतून ठिणग्या उडाल्या. युरोपातल्या अनेक वेधशाळांत आरसे पट्टीच्या बाहेर निघून गेले आणि नेमकी नोंद हुकली. त्या वेळी इंडियन नेव्हीचे लेफ्टनंट फर्ग्युसन कुलाब्याचे प्रमुख होते. तिथल्या निरीक्षकांनी नियमाप्रमाणे नोंदींचा वेग वाढवला, आणि पृथ्वीच्या क्षेत्राचा आडवा घटक सुमारे १,६०० नॅनोटेस्लाने घसरल्याचं त्यांच्या वहीत उतरलं. नॅनोटेस्ला म्हणजे टेस्लाचा अब्जावा भाग, तेव्हा आकडा लहान वाटेल. तुलनेसाठी १३ मार्च १९८९ चं वादळ घ्यावं. त्या वादळाने कॅनडातल्या क्वेबेक प्रांताची वीज नऊ तास घालवली, साठ लाख लोक अंधारात बसले; आणि त्याची जागतिक मापावरची घसरण ६०० नॅनोटेस्लाच्याही खालीच होती.

कुलाब्याच्या त्या वह्या पुढे छापील खंडांत गेल्या आणि दीडशे वर्षं जवळजवळ झोपून राहिल्या. २००३ मध्ये अमेरिकी शास्त्रज्ञ ब्रूस त्सुरुतानी यांनी भारतीय भूचुंबकत्व संस्थेतले गुरबक्ष लखिना आणि शोभना ॲलेक्स यांना सोबत घेऊन त्या उघडल्या. नोंदलेल्या इतिहासातलं सर्वांत भयंकर सौरवादळ किती मोठं होतं, याचा अंदाज या आकड्यांवरून बांधला गेला. आज कोणत्याही देशाचे वीजतज्ज्ञ ‘कॅरिंग्टनसारखं वादळ आलं तर’ असा हिशेब मांडतात, तेव्हा कुलाब्याचा आकडा त्यांच्यासमोर असतो. अशा वादळात शेकडो किलोमीटर लांबीच्या वाहिन्यांत जमिनीकडून नको तो प्रवाह शिरतो. कॅनडासारख्या उंच अक्षांशाच्या देशांना हा धोका मोठा आणि आपल्याला कमी; तरी ७६५ किलोव्होल्टची वाहिनी जिथून सुरू होते त्या तिरोड्याचा १८५९ च्या या नोंदीशी संबंध आहे.

कुलाब्याहून चुंबकत्वाला पळवून लावलं ते ट्रामने. मुंबईत १८७४ पासून घोड्यांच्या ट्राम धावत होत्या. त्या विजेवर आणायचं ठरलं, आणि वेधशाळेचे तेव्हाचे भारतीय प्रमुख नानाभाई आर्देशिर फ्रामजी मूस यांना धोका दिसला. विजेच्या ट्रामचा प्रवाह तारेतून येतो आणि रुळांतून परत जातो. जाताना त्यातला काही जमिनीत झिरपतो आणि आसपासचे नाजूक चुंबक थरथरू लागतात. मूस यांनी मुंबईपासून सुमारे तीस किलोमीटरवर, समुद्रापलीकडे अलिबागला जागा शोधली. तिथं लोखंडाचा लवलेशही नसलेली इमारत उभी राहिली, पोरबंदरच्या दगडाची, कारण कोकणातला काळा दगड स्वतःच थोडा चुंबकीय असतो. १९०४ ते १९०६ अशी दोन वर्षं कुलाबा आणि अलिबाग दोन्हीकडे एकदम नोंदी घेतल्या, म्हणजे जुन्या आकड्यांना नवे जोडताना सांधा निखळू नये. १९०७ मध्ये विजेची ट्राम धावली तेव्हा वेधशाळेचे चुंबक आधीच समुद्र ओलांडून गेले होते. १९१० मध्ये मूस यांनी १८४६ ते १९०५ या साठ वर्षांच्या नोंदींचं विश्लेषण दोन जाडजूड खंडांत छापलं. विसाव्या शतकातलं वादळांचं बरंचसं शास्त्र त्या खंडांवर पोसलं आहे. शहर विस्तारतं तेव्हा शास्त्राने मागे सरायचं असतं, असं आपण धरून चालतो. मूस यांनी आधी शास्त्राची सोय लावली आणि मग ट्राम येऊ दिली. आजच्या कोणत्या नगररचनेत असा क्रम पाळला जातो?

अणुकेंद्रकांच्या टकरी मुंबईत पोचल्या त्या पृथ्वीच्या याच चुंबकक्षेत्राच्या आधाराने. अवकाशातून पृथ्वीवर सतत विद्युतभारित कणांचा मारा होत असतो, त्यांना विश्वकिरण म्हणतात. पृथ्वीचं क्षेत्र या कणांना वळवतं. ध्रुवांकडे मंद कणही आत येतात. विषुववृत्ताकडे मात्र हे क्षेत्र चाळणीसारखं वागतं आणि फार जोरदार कणांनाच खाली सोडतं. म्हणून दक्षिण भारताचं आकाश शास्त्रज्ञांना मोलाचं वाटलं. अमेरिकेचे नोबेलविजेते रॉबर्ट मिलिकन आपल्या सहकाऱ्यांसह १९३९-४० च्या हिवाळ्यात फुगे घेऊन भारतात आले, ते आग्रा, पेशावर आणि बंगलोर इथून उडवून चाळणीचा बारीकपणा तपासायला. त्या वेळी युद्धामुळे केंब्रिजला परतता न आलेले तरुण होमी भाभा बंगलोरला होते.

१९४८ मध्ये अमेरिकेतल्या दोन गटांनी दाखवलं की विश्वकिरणांत केवळ प्रोटॉन नसतात. कार्बन, ऑक्सिजनपासून लोखंडापर्यंतची जड अणुकेंद्रकंही असतात. त्यातल्या एका गटातले बर्नार्ड पीटर्स अमेरिकेतल्या कम्युनिस्टविरोधी संशयाच्या वातावरणाला कंटाळून १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला मुंबईत आले आणि भाभांच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रुजू झाले. संस्था तेव्हा गेटवेजवळच्या जुन्या यॉट क्लबच्या इमारतीत होती. पीटर्स यांच्या हाताखाली देवेंद्र लाल, यशपाल यांच्यासारखे तरुण तयार झाले.

त्यांचं हत्यार साधं होतं: फोटोच्या रसायनाचे जाड थर, म्हणजे इमल्शन. ते फुग्याला बांधून वातावरणाच्या माथ्यावर पाठवायचे, खाली आले की धुवायचे, आणि सूक्ष्मदर्शकाखाली इंच-इंच शोधायचे. एखादं जड अणुकेंद्रक थरातल्या चांदीच्या किंवा ब्रोमिनच्या अणुकेंद्रकावर आदळलेलं असलं, तर त्या बिंदूतून सगळीकडे रेषा फुटलेल्या दिसतात. या नक्षीला ते ‘तारा’ म्हणत. मंद कणांच्या रेषा जाड आणि काळ्या, वेगवान कणांच्या बारीक आणि विरळ. कोणत्या दिशेला किती कण उडाले, कोणता तुकडा किती जड, हे त्या रेषांवरून मोजायचं. मोठ्या यंत्रांत जड अणुकेंद्रकांना असा वेग देणं १९७० च्या दशकात जमलं, कॅलिफोर्नियातल्या बर्कले इथं. त्याआधी असली टक्कर पाहायची असेल तर आकाशावर विसंबावं लागे, आणि आपल्या अक्षांशावर चाळणीतून उतरणाऱ्या अणुकेंद्रकांमधल्या प्रत्येक प्रोटॉन-न्यूट्रॉनच्या वाट्याला सात-आठ अब्ज इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा येते. बर्कलेच्या यंत्राचा पल्ला दोन अब्जांच्या आसपासचा होता. म्हणजे या शास्त्राच्या बाल्यावस्थेत मुंबईच्या संशोधकांना पृथ्वीने फुकटात अधिक जोरदार यंत्र दिलं होतं. १९५९ मध्ये हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठाच्या आवारातून प्लॅस्टिकचे फुगे उडू लागले आणि हे काम पुढे तिकडे रुजलं.

दरम्यान संस्था कुलाब्याला आली. दांडीच्या टोकाशी, लष्कराच्या ‘हॉलिडे कॅम्प’च्या जागेवर १ जानेवारी १९५४ ला पंडित नेहरूंनी पायाभरणी केली आणि १५ जानेवारी १९६२ ला त्यांच्याच हस्ते इमारतीचं उद्घाटन झालं. जुनी वेधशाळा तिथून चालत जाण्याइतक्या अंतरावर. ज्या दांडीवरून ट्रामच्या गळत्या विजेला भिऊन चुंबक हलवले, त्याच दांडीवर पुढे टनावारी वजनाचे विद्युतचुंबक बसणार होते.

३० डिसेंबर १९८८ ला भाभा अणुसंशोधन केंद्र आणि टाटा संस्था यांचा पेलेट्रॉन त्वरक, म्हणजे कणांना वेग देणारं यंत्र, तिथं सुरू झाला. बाहेरून ती एक उंच, जवळजवळ बिनखिडक्यांची इमारत आहे. आत पोलादी टाकी उभी आहे, तिच्यात ठिणगी न पडू देणारा सल्फर हेक्झाफ्लोराइड वायू दाबून भरलेला, आणि मध्यभागी १४ दशलक्ष व्होल्टपर्यंत चढू शकणारा धातूचा घुमट. नायलॉनने सांधलेल्या धातूच्या गोळ्यांची माळ सतत फिरत राहते आणि घुमटावर विद्युतभार नेऊन टाकते. माथ्यावर जो अणू हवा त्याला एक जादा इलेक्ट्रॉन देऊन ऋणभारित करतात. घुमट धन असल्याने हा ऋण अणू खाली ओढला जातो. घुमटात कार्बनचा अतिपातळ पापुद्रा असतो. त्यातून जाताना अणूचे इलेक्ट्रॉन सोलले जातात, तो धनभारित होतो, आणि तोच घुमट आता त्याला खाली ढकलतो. एकाच व्होल्टेजचा दोनदा फायदा. ऑक्सिजनचे सात इलेक्ट्रॉन सुटले आणि घुमट १२ दशलक्ष व्होल्टवर असला, तर पहिल्या टप्प्यात एकपट आणि दुसऱ्यात सातपट मिळून ९६ दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा हाती येते. शिशाच्या अणुकेंद्रकाचा विद्युत-विरोध मोडून आत शिरायला ती पुरेशी आहे.

टाकीतून निघालेला झोत तळाशी एका मोठ्या चुंबकाने काटकोनात वळवला जातो. ठरलेल्या ऊर्जेचे आयन, म्हणजे हे विद्युतभारित अणू, बरोबर वळतात, बाकीचे भिंतीवर जातात. म्हणून चुंबकाचं क्षेत्र काटेकोर स्थिर ठेवावं लागतं. ऑर्लेबार आणि केरूनाना यांना चुंबकाची थरथर टिपायची होती, इथल्या तंत्रज्ञाला ती अजिबात नको असते.

मग टक्कर. केसाच्या जाडीपेक्षा कितीतरी पातळ, सोन्याच्या किंवा बिस्मथच्या पापुद्र्यावर आयन आदळतात. बहुतेक आरपार निघून जातात. एखादं अणुकेंद्रक दुसऱ्यात मिसळतं, दोघांचं मिळून एक तापलेलं, गरगरणारं केंद्रक बनतं आणि मग ते निवू लागतं: न्यूट्रॉन उडतात, प्रोटॉन उडतात, कधी हेलियमचं केंद्रक म्हणजे अल्फा कण, शेवटी गॅमा किरण. किंवा ते सरळ दुभंगतं. उडालेल्या कणांच्या दिशा आणि ऊर्जा मोजल्या की आतल्या तापाचा, फिरकीचा आणि आकाराचा पत्ता लागतो.

तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातल्या शास्त्रज्ञांचं या विषयातलं सर्वांत धाडसी म्हणणं पेलेट्रॉनच्या आधीचं आहे. जड आयनांच्या टकरीत दुभंगलेले तुकडे पुढे-मागे जितक्या प्रमाणात उडायला हवेत त्यापेक्षा जास्त उडत होते, आणि प्रचलित सिद्धांताला ते झेपत नव्हतं. १९८५ मध्ये व्ही. एस. राममूर्ती आणि एस. एस. कपूर यांनी सांगितलं की काही केंद्रकं नीट स्थिरावण्याची वाटच पाहत नाहीत, समतोल साधण्याआधीच फुटतात. हे खरं असेल तर एकच संयुक्त केंद्रक वेगवेगळ्या जोड्यांमधून घडवलं तरी तुकड्यांची उड्डाणं वेगळी दिसायला हवीत. फुटणाऱ्याला आपला जन्म आठवतो म्हणा ना. पेलेट्रॉन आल्यावर बेरिलियमपासून फ्लोरिनपर्यंतचे झोत वापरून हे तपासलं गेलं आणि १९९० मध्ये त्या निष्कर्षांना अमेरिकेच्या आघाडीच्या भौतिकी नियतकालिकात जागा मिळाली. नवं यंत्र बसून दोन वर्षंही झाली नव्हती. सरकारी प्रकल्प रखडतात ही आपली पक्की समजूत आहे. तिला हा अपवाद नोंदवून ठेवावा.

पुढची पायरी घरच्या घरी चढली गेली. पेलेट्रॉनमधून निघालेल्या आयनांना आणखी रेटा देणारा अतिवाहक त्वरक संस्थेच्या कार्यशाळेत घडला. तांब्याच्या पोकळ्यांवर शिशाचा मुलामा दिला आणि त्या द्रव हेलियमने उणे २६८ अंशांच्या आसपास थंड केल्या, कारण त्या थंडीत शिसं विजेला अडवत नाही. अशा अठ्ठावीस पोकळ्या सात शीतपात्रांत बसवल्या. २८ नोव्हेंबर २००७ ला हा त्वरक देशातल्या संशोधकांसाठी खुला झाला. हिऱ्यासारखी चमकदार शोधकथा यात नाही. मुलामा सोलवटला, पुन्हा दिला, गळती सापडली, पुन्हा बुजवली, असा वर्षानुवर्षांचा कारभार आहे. विज्ञानाच्या इतिहासात कार्यशाळेतल्या फिटर-वेल्डरांना जितकी पानं मिळायला हवीत तितकी मिळत नाहीत.

कुलाब्याच्या टकरी मध्यम ऊर्जेच्या. सुरुवातीला सांगितलेलं अचाट चुंबकक्षेत्र उभं राहायला अणुकेंद्रकांना प्रकाशाच्या वेगाजवळ न्यावं लागतं आणि त्यासाठी न्यूयॉर्कजवळच्या ब्रुकहेवन प्रयोगशाळेतल्या ‘रिक’सारखा किंवा जिनिव्हाजवळच्या सर्नमधल्या ‘एलएचसी’सारखा त्वरक लागतो. क्षेत्र उभं कसं राहतं? सोन्याच्या केंद्रकात ७९ प्रोटॉन असतात. वाहता विद्युतभार म्हणजे वीजप्रवाह, आणि प्रवाहाभोवती चुंबकक्षेत्र असतं हे अर्स्टेड यांनी १८२० मध्येच दाखवलं. दोन केंद्रकं थोड्या अंतराने एकमेकांशेजारून उलट दिशांना निघाली की दोन प्रवाहांची क्षेत्रं मध्ये एकमेकांत मिळतात. जड आयनांच्या टकरीत असं प्रचंड क्षेत्र तयार होईल हे फ्रँकफर्टचे योहान राफेल्स्की आणि बर्न्ट म्युलर यांनी १९७६ मध्ये मांडलं, तेही कमी वेगाच्या टकरींचा हिशेब करताना.

त्या क्षेत्राच्या पोटात नेमकं काय जन्मतं हे महत्त्वाचं. प्रोटॉन-न्यूट्रॉन वितळून क्वार्क आणि ग्लुऑन यांचं द्रव्य बनतं, क्षणभर वाहतं आणि हजारो कणांच्या रूपाने फुटून बाहेर पडतं. टक्कर मधोमध नसेल तर हे द्रव्य बदामी आकाराचं असतं, आणि कण सगळीकडे सारखे न उडता बदामाच्या आखूड अक्षाच्या दिशेने जास्त जोराने बाहेर पडतात. ही असमान उधळण कशी मोजावी आणि तिच्यावरून द्रव्याबद्दल काय अनुमान काढावं, या प्रश्नावर टाटा संस्थेतल्या राजीव भालेराव यांनी फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ ओलित्रो यांच्या बरोबरीने २००० च्या दशकात केलेलं काम आज या क्षेत्रातल्या विद्यार्थ्याला टाळता येत नाही. हे द्रव्य कोणत्या तापमानाला वितळतं याची संगणकी गणितं राजीव गवई आणि सौरेंदु गुप्ता त्याच संस्थेत करत होते. मुंबईच्या आयआयटीचा गट सर्नच्या ‘ॲलिस’ प्रयोगात सामील झाला, तर ‘सीएमएस’ प्रयोगातल्या एका मोठ्या मापकाचे भाग कुलाब्यात बनले.

२००८ मध्ये दिमित्री खारझीव, लॅरी मॅकलेरन आणि हार्मेन वॉरिंगा यांनी एक मोहक कल्पना मांडली. क्वार्कांच्या द्रव्यात डाव्या आणि उजव्या फिरकीचा तोल क्षणभर ढळू शकतो. तो ढळलेला असताना त्या प्रबळ चुंबकक्षेत्रात धन कण एकीकडे आणि ऋण कण दुसरीकडे उडतील. तसं दिसलं तर निसर्गाच्या एका मूळ सममितीचा भंग डोळ्यांसमोर आला असता. सुरुवातीच्या मोजणीत वाटणी दिसलीसुद्धा. पण बदामी आकारामुळे होणारी साधी असमान उधळणही तशीच खूण उमटवते, आणि दोन्ही वेगळ्या कशा करायच्या?

त्यासाठी ब्रुकहेवनच्या ‘स्टार’ गटाने २०१८ मध्ये एक नामी प्रयोग केला. रुथेनियम आणि झिर्कोनियम यांची प्रत्येकी ९६ कणांची केंद्रकं घेतली. वजन सारखं, म्हणून उधळण जवळजवळ सारखी. पण रुथेनियममध्ये ४४ प्रोटॉन आणि झिर्कोनियममध्ये ४०, म्हणून चुंबकक्षेत्र मात्र वेगळं. कल्पना खरी असेल तर रुथेनियममध्ये वाटणी जास्त दिसायला हवी. पूर्वग्रह आड येऊ नयेत म्हणून विश्लेषण करणाऱ्यांना कोणता आकडा कोणत्या केंद्रकाचा हे शेवटपर्यंत कळू दिलं नाही. २०२१ मध्ये झाकण उघडलं. अपेक्षित खूण नव्हती.

२०२४ मध्ये त्याच गटाने दुसरी नोंद प्रसिद्ध केली. धन आणि ऋण कणांच्या वाहण्याच्या दिशेत किंचित फरक पडतो, आणि तो मावळत्या चुंबकक्षेत्रामुळे फॅरेडेच्या नियमाने द्रव्यात उठणाऱ्या प्रवाहाशी जुळतो. तेव्हा आजचा निकाल असा: टकरीत चुंबकक्षेत्र असतं आणि क्वार्कांच्या द्रव्यावर त्याचा ठसा उमटतो, याला पुरावा आहे; पण त्या क्षेत्रामुळे सममिती मोडून कणांची वाटणी होते, हे अजून कुणालाही सिद्ध करता आलेलं नाही.